काट्यावरचा शिक्का

बसा साहेब. खुर्ची एकच आहे,
तिचा डावा पाय जपून.
चहा येतोय. तोवर हा काटा बघा,
अंगणवाडीचा, वाशाला टांगलेला.
रिकामा असतानाही साडेतीनशे ग्रॅम दाखवतो.
म्हणजे आमच्या वाडीतलं प्रत्येक मूल
कागदावर साडेतीनशे ग्रॅम सुखी आहे.

तीन अर्ज केले. पोच आहे तिन्हींची.
मग मी पोरांना जेटीवर न्यायला लागले,
अन्वर होडेकरच्या मासळीच्या काट्यावर.
तो काटा दरवर्षी तपासतात,
वजनमापवाले येऊन शिशाचा शिक्का मारतात,
कारण पापलेटात दहा ग्रॅम इकडचे तिकडे झाले
तर दोन्ही बाजूंनी आवाज चढतो.
अन्वर पारडं धुतो, आपला टॉवेल अंथरतो,
टॉवेलचं वजन वजा करून मगच आकडा सांगतो.

रेश्माची मुलगी, अकरा महिने.
इथे सहा किलो साडेतीनशे: मध्यम.
तिथे बरोबर सहा: तीव्र.
मोबाइलमध्ये मी कुठला भरू?
खरा भरला की वरून फोन येतो,
बाई, तुमच्याच वाडीत कुपोषण कसं वाढलं?

रेश्मा कुठे आहे विचारा ना.
कोलंबीच्या शेडमध्ये. किलोमागे पैसे,
बोटं बर्फात, पाय पाण्यात,
आठवा सरेपर्यंत उभी होती.
बाळंतपणाची रजा म्हटलं तर मुकादम हसला.
विसाव्या दिवशी परत गेली.
पोरीला सांभाळते सात वर्षांची बहीण,
जी खरं म्हणजे माझ्या शेजारच्या शाळेत असायला हवी.
दूध येतं तेव्हा रेश्मा कोलंबी सोलत असते.
आणि आम्ही भिंतीवर लिहितो, स्तनपान सर्वोत्तम.
अक्षर माझंच आहे. रंगाचे पैसेही.

उपकेंद्र खाडीपलीकडे.
नकाशावर दोन बोटं अंतर.
गेल्या माघात सुगंधा आडिवरेकरला
रात्री दीडला कळा आल्या.
सुकती होती. होडी मधेच रेवेत बसली.
बॅटरी मी धरली होती.
मूल तिथेच झालं, रडलं, जगलं.
पाणी पहाटे चढलं.
सुगंधाला तेवढा वेळ नव्हता.
तुमच्या अहवालात ती ‘उशिरा दाखल’ आहे.

नर्सला या काठावर खोली द्या, म्हणते मी.
शेडमध्ये पाळणाघर, आणि बाळंतिणीला
घरी बसल्याची मजुरी.
योजना आहेत, माहीत आहे मला,
त्यांची नावं मी झोपेत म्हणते.
पण काट्यासारखंच आहे त्यांचं,
शिक्का मारायला कुणी येत नाही.

प्रस्ताव पाठवा म्हणालात?
हा घ्या, चौथा.

उठू नका. तुमची होडीही आता
साडेचारशिवाय हलत नाही,
खाली बघा, सगळा चिखल उघडा पडलाय.
चहा घ्या. ही वही घ्या.
पहिल्या पानापासून नावं आहेत.