उताऱ्यावर माझं नाव

लोटनआप्पा म्हणाले, सिस्टर,
एफडीत पैसा झोपतो, भिंतीत जागा राहतो.
एकतीस वर्षं मी लोकांच्या दंडात सुया टोचल्या.
दंड दोन प्रकारचा असतो
हे तेव्हा सुचलं नाही.

धुळ्यात, बंद गिरणीच्या मागे,
पाच खोल्या, एक नळ, अर्धा संडास
(उरलेला अर्धा शेजारच्या चाळीचा, कोर्टात).
भोंगा थांबून वीस वर्षं झाली,
तरी इथली म्हातारी माणसं सातला दचकून उठतात.
हे आप्पा असं सांगत होते
जणू तेही व्यवहारात धरलेलं आहे.

गणित मी रात्री मांडलं, पंख्याखाली, दोनदा.
पाच गुणिले अठराशे. वजा घरपट्टी.
वजा एखादा रिकामा महिना.
उरले नऊ टक्के आणि वर थोडं.
त्या थोड्यावरच मी जास्त खूश झाले.

वहीत घूस नव्हती.
आठव्या दिवशी येणारा नळ नव्हता,
आणि तो आला की होणारं भांडण,
ज्यात मालकीण म्हणून मला दोन्हीकडून बोलावतात.
वहीत हनीफ नव्हता, एक नंबरचा:
वीज जाते, लूम थांबतो,
मग त्याचं दार आतून बंद असतं
आणि आत कुकरची शिट्टी.
दोन नंबरात भरतीची पोरं.
पहाटे पांझरेच्या पुलावर धावतात.
एकजण छातीत अर्ध्या सेंटिमीटरने राहिला, दुसऱ्यांदा.
त्याच्याकडे भाडं मागताना मीच श्वास रोखते.
तीन नंबर रिकामी, दिवाळीपासून.
पाच नंबरचा देतो वेळेवर, दर एक तारखेला, मोजून.
तो काय करतो, हे मी विचारत नाही.

चार नंबरात इंदूबाई मालचे.
पोत्याने मिरची येते, ती देठं खुडते,
किलोवर पैसे.
उंबऱ्याशीच माझ्या डोळ्यांत पाणी,
आणि तिला वाटतं, बाई मनाने हळवी आहे.

तीन महिने थकले होते.
रिक्षात मी वाक्यं घोकून आले होते,
कडक, पण वाईट नाही अशी.
ती म्हणाली, बठ वं बाई. च्या ले आधी.
आणि पत्र्याच्या डब्यातून काढली
शाळेची चौरेघी वही.

पत्रा, तीनशे चाळीस.
घुशीचं बीळ, काचा आणि सिमेंट.
तोटी. परत तोटी.
संडासाचं दार, सुतार, त्याचा चहा.
एकेक आकडा पोरीच्या अक्षरात, गोल,
शेरा मारायला बाईंना जागा सोडल्यासारखी समासात जागा सोडून.
खाली बेरीज. त्याखाली माझे तीन महिने.
त्याखाली वजाबाकी.

तुनाकडेच चाळीस निंघतस, ती म्हणाली,
रागाने नाही, तारीख सांगावी तशी.

मी बेरीज तपासली.
नर्सची सवय, डोस दोनदा बघायचा.
बरोबर होती.
चहात आलं फार होतं.

निघताना तीन नंबर बघू म्हटलं,
पर्समधून किल्ली काढली. लागेना.
कुलूप बदलनं पडनं, ती म्हणाली,
रात्री पत्तावाला बठेत आठे.
कमरेचा जुडगा सोडून तिनेच उघडलं.
आत झाडलेलं. कोपऱ्यात माठ, पालथा.
माझ्या खोलीत मी चप्पल बाहेर काढून गेले.

चाळीस दिले. सुटे नव्हते, पन्नास दिले.
दहा पुढल्या महिन्यात धर, म्हटलं,
आणि मग लक्षात आलं,
आता माझंही खातं तिच्या वहीत सुरू झालं.

रिक्षात आप्पांचा फोन.
सिस्टर, गिऱ्हाईक आहे. बिल्डर.
सगळी पट्टी हवी त्याला, दीडपट देतो.
फक्त एक विचारतो,
ताबा कुणाकडे आहे?

उतारा माझ्या नावावर आहे, मी म्हटलं.
ते नाही हो. ताबा.

मी तोंड उघडलं
आणि शिंक आली.
मिरचीची.
मग आणखी एक.