मिठाच्या खाती

एका रियालाचे हजार बैसा.
नवी आले तेव्हा हसू आलं होतं,
नाण्याचं नावच बैसा,
आणि बसत मात्र एकही नाही.

रुवीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या.
गच्चीवरच्या टाक्या जूनमध्ये इतक्या तापतात
की गीझर आम्ही मेमध्येच बंद करतो
आणि अंघोळीचं पाणी रात्रीच बादल्यांत काढून निववतो.
ही पहिली बचत. सूर्याच्या खर्चाने.

दुसरी एसीच्या नळीतून ठिबकते.
खाली तेलाचा रिकामा डबा लावलाय,
उजाडेपर्यंत भरतो, त्यात फरशी पुसून होते.
तुळस त्या पाण्यावर जगेना.
तिला आपलं प्यायचंच पाणी लागतं.
असो, एक जीव घरात लाडाचा हवाच.

मासळी मत्रहला, दुपारी, बाजार उठता उठता.
श्रीरंग सुरमईपुढे थांबतो, मी तारलीपुढे.
तारली काही हलकी नाही हो, काटे तेवढे जास्त.
माझ्या व्हिसावर शिक्का आहे, नोकरी करण्यास मनाई.
तारलीचे काटे काढणं त्यात धरत नाहीत.

समोरची झुलेखाबी, दापोलीची, बावीस वर्षं इथे.
तिने शिकवलं: रात्री दहानंतर भाजीवर पिवळी चिठ्ठी लागते,
कोथिंबीर मुळासकट घे, पेल्यात उभी कर,
आणि भुकेल्या पोटी दुकानात शिरू नको.
तिच्या फ्रीजवर मुलाच्या लग्नाचा खर्च चिकटवलेला आहे.
मुलगा अजून आठवीत.

रुपया पडला की शाजीच्या दुकानात कुजबुज होते,
पैसे पाठवायच्या खिडकीपुढे रांग कोपऱ्यावरून वळते.
रियालमागे चाळीस पैसे जास्त!
मीही खूश. घरी येऊन चहात वेलदोडा टाकते.
मग कुडाळहून वैनींचा फोन,
तेलाचा डबा कुठच्या कुठे गेला गं.
मी म्हणते, हं.

वही म्हणजे कंपनीने दिलेली तीन वर्षांपूर्वीची डायरी.
तारखा बरोबर, वार सगळे चुकीचे.
भाडं, वीज, शाळेची बस, किराणा, गावी, औषध.
सफर महिन्यात चारशे बैसा लागेनात.
पोरगी झोपल्यावर पुन्हा बेरीज केली,
पिशव्या उलट्या केल्या, पावत्या उन्हात धरल्यासारख्या दिव्याखाली धरल्या.

आणि मग आठवलं.
दार्सैतला देवळाबाहेर गजरा घेतला होता.
विमानाने आलेला मोगरा, कडेने जरा तांबूस.
माळून जायचं कुठेच नव्हतं.
माळला, आमटीला फोडणी दिली,
तो यायच्या आत काढून फ्रीजमध्ये ठेवला दह्याच्या मागे.
दुसऱ्या दिवशी परत माळला.
तिसऱ्या दिवशी दह्याला वास लागला.

गजऱ्याला रकाना नव्हता.
नवा आखायचा तर वर नाव लिहावं लागलं असतं.
मी किराण्याखाली लिहिलं:
मीठ, चारशे बैसा.

महिनाअखेर श्रीरंगने पेन फिरवलं, थांबला.
"चारशेचं मीठ? काय पापड घातलेस?"
"उन्हाळा आहे," मी म्हटलं. "घाम जातो."
त्याने माझ्याकडे नाही, दह्याच्या वाटीकडे पाहिलं,
आणि बरोबरची खूण केली.

पुढच्या महिन्यात, बारा तारखेला,
त्याच्या बारक्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात:
मीठ, सहाशे.

मीठ कुठल्या डब्यात असतं हे ज्याला ठाऊक नाही,
कालवण आळणी झालं तरी मुकाट जेवतो,
त्याने सहाशेचं मीठ आणलं.
पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले.
कपडे धुताना खिसे तपासले नाहीत.
त्याचा तो आठवडा डोळ्यांपुढून गेला:
मंगळवारी उशीर, शिटी वाजवत जिना चढणं.

खूण केली. बेरीज जुळली.
डबा वरच्या फळीवर आहे, अर्ध्याहून जास्त भरलेला.
आज तारलीच्या तिखल्याची चव घेऊन पाहिली,
किंचित कमीच पडलंय.
राहू दे.