पाया बदलून

दांडिया बाजार, शिलाई मशीनच्या दुकानावरची खोली.
किन्नरी पेन आपटते:
"सर, आठच्या पायावर बत्तीस, बसतंच नथी!"

नाही बसत. आठाचा वर्ग चौसष्ट,
बत्तीस अलीकडेच लोंबकळतं.
दोघांनाही दोनपाशी आण.
तिथं आठ म्हणजे तीन, बत्तीस म्हणजे पाच.
पाच भागिले तीन.
एवढंच भांडण होतं.

ती खोडरबराची भुकटी फुंकते,
फी ठेवते.
नोटा मी गुजरातीत मोजतो,
पाढे अजून मराठीत म्हणतो,
छव्वीस-सव्वीसपाशी दरवेळी अडखळतो.

"उद्या एकाचा लॉग. पाया कुठलाही घे."
जिन्यातून तिचा आवाज:
"शून्य ने, सर?"

शून्यच.
मी गॅसवर
एका कपाचं आधण ठेवतो.