चौथाई

पन्हाळ्याहून टेम्पो आला, मागं चार ओंडके,
वाघबीळच्या वळणांवर दोर सैल झालेला,
आणि ड्रायव्हरशेजारी हेर्लेकर बाई,
मांडीवर पर्स, पर्सवर छत्री.
'पाइन आहेत. वळवात दोन झाडं पडली. काय देता?'

मी टेप काढला.
टिंबर मार्केटात एकतीस वर्षं हेच करतो,
लोक झाड आणतात, मी त्याचे आकडे करतो.

पहिला शेंड्याकडं फार निमुळता.
फळी निघते बारीक टोकाच्या मापानं,
बुंध्याची जाडी नुसती बघायला.
दुसऱ्याला बाक, तळहाताएवढाच,
पण करवतीला बाक कळत नाही,
ती सरळ जाते, बाक भुश्शात पडतो.
तिसऱ्याच्या कापावर निळी झाक.
'दोन महिने अंगणात होता का?'
'दीड,' बाई म्हणाल्या. 'दिरांच्या सह्या होईपर्यंत.'
निळ्यानं ताकद जात नाही, रंग जातो.
पेटीला चालेल.
पेटीत बसतं फौंड्रीचं बीड,
ते कुठं रंग बघतंय.

पण लांबी!
चारही साडेसात फूट.
'टेम्पोत मावेनात,' बाई म्हणाल्या, 'म्हणून यानंच तोडले.'
ड्रायव्हर दुसरीकडं बघू लागला.
उद्यमनगरला फळी लागते आठ फुटी,
वर तीन बोटं छाटायला.
आता सहा फूट कामाचे, दीड फूट चुलीचं.
एवढं मोठं झाड,
आणि भाव पडला अर्ध्या फुटात.

चौथा मात्र सरळ.
दुसऱ्या झाडाचा बुंधा, गाठी टिकलीएवढ्या,
वलयं दाट, गडावरच्या वाऱ्यात सावकाश भरलेली.
बाळकू पांचाळ हातातला चहा टाकून आला.
एका टोकाला कान लावला,
दुसऱ्या टोकाला मला ठोकायला लावलं.
'बोलतंय की,' म्हणाला. 'पॅटर्नला घेतो. दुप्पट.
मी यात कोरीन ते वाळूत उमटंल,
वाळूतनं लोखंडात.'

तेवढ्यात निसार शिकलगार, पात्यांचा डॉक्टर,
त्यानं आपलं यंत्र सालीवरून फिरवलं
आणि छातीच्या उंचीवर ते ओरडलं.
खिळा.
बाळकूनं कान काढून घेतला.

बाई म्हणाल्या, 'झाडाबरोबर खिळा वर गेला असेल ना?'
'नाही बाई. वर जातं ते झाड.
खिळा ठोकला तिथंच,
नुसता आत आत जातो.'
छिन्नीनं उघडला. सालीपासून मोजली, सव्वीस वलयं.
बाईंनी बोटांवर वजाबाकी केली.
'निवडणुकीची पाटी. न विचारता ठोकलेली.
पडला तो.'
'पडला,' निसार म्हणाला,
'तरी तुमचे दोन हजार खाऊन गेला.'

मग हिशोब.
घेर छप्पन, त्याची चौथाई चौदा,
चौदा गुणिले चौदा गुणिले लांबी.
बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं.
छत्तीस वर्षं नववी-दहावीला गणित.
पावतीच्या मागं एक वर्तुळ काढलं, शेजारी चौरस.
'दोघांचा घेर सारखा. पोट सारखं नाही.
तुमच्या चौथाईत पाचव्या हिश्शाहून जास्त लाकूड जातंय.
कुठं जातं?'

मला माहीत होतं.
टेप धरायला शिकलो त्याच आठवड्यात कळलं होतं.
वेलजीभाई गल्ल्यावरून म्हणाले,
'बाजाराचा रिवाज आहे, ताई. भाव तसाच धरलेला असतो.'
'असेल. मग तसं लिहून द्या.'

लाईट गेली होती, करवत बंद,
त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.
वेलजीभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी पावतीकडं.
लांबी, घेर, घनफूट, रुपये,
यापुढं काही लिहायची सवय नाही हाताला.
अक्षर वाकडं आलं:
'माप चौथाईचं. लाकूड याहून जास्त.'

बाईंनी घडी घालून पर्समध्ये ठेवली,
भाव वाढवून मागितला नाही.
जाताना म्हणाल्या, 'खिळा देता?'
निसारनं पँटला पुसून दिला.

मग लाईट आली.
पहिला ओंडका चढवला, राळेचा वास सुटला,
आणि मी दिवसभर
कुणाला वरच्या आवाजात माप सांगितलं नाही.