यंत्र डबीत ठेवल्यावर

हरसूलच्या अलीकडं एका फाट्यावर गाडी थांबली,
मी एकटाच उतरलो.
कंडक्टर काहीतरी म्हणाला.
मी मान हलवली. जुनी सवय:
समोरचे ओठ हलले की मान हलवायची.

अंबडला प्रेस शॉपमध्ये एकोणतीस वर्षं काढली.
अडीचशे टनांचं मशीन, मिनिटाला चौदा ठोके.
डावा कान तिथंच राहिला.
उजव्यात आता यंत्र बसवलंय,
मसुरीच्या डाळीएवढ्या बॅटरीवर चालणारं.

मनकर्णा भोये वाट दाखवायचे शंभर घेते.
हातात कोयता, पायात नवऱ्याचे बूट,
दोन नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला.
"चिखल हाये. माझ्या पावलात पाऊल टाका," म्हणाली,
आणि अशी चालत सुटली
की पाऊल सापडेना.

आधी नागलीचा उतार, बांधाला खुरासणी,
भादवा संपत आलेला, पिवळं नुकतंच उघडत होतं.
मग एकदम सावली. ऐन, कुडा,
वाटेवर आडवा पडलेला शेवाळलेला करंज,
त्याच्या पोटाखालून वाकून जायचं.
एक खेकडा आम्हाला बघून आत गेला,
आणि पुन्हा बाहेर येऊन बघत बसला.

वाटेत तिनं मागं वळून विचारलं,
"लोकं एवढ्या लांबून पाणी बघाया कशाला येतात?
शहरात नळाला नसतं का?"
"असतं," मी म्हणालो. "पण पडत नाही."
तिचे खांदे हलले.
हसली की खोकली, पाठीवरून कळलं नाही.

मग यंत्रात खरखर सुरू झाली,
कुणी पत्र्याच्या ताटात तांदूळ निवडावेत तशी.
वळणागणिक वाढत गेली.
उंबराच्या मुळांना धरून खाली उतरलो
तेव्हा कानात अख्खं प्रेस शॉप उभं होतं,
सेकंड शिफ्ट, सगळी मशीनं चालू,
आणि कुणीतरी माझ्याच नावानं ओरडतंय.
यंत्र काढलं. रुमालात गुंडाळून
सुपारीच्या डबीत ठेवलं.

आणि समोर तो.
पांढरा. कड्यावरून सुटलेला,
आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखा.
पडतोय, पडतोय,
पडून झालं असं कुठंच नाही.

खडकावर चार पोरं होती, कॉलेजची,
एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होती.
कुणालाच काही ऐकू जात नव्हतं.
हातवारे, चुकीचे हातवारे, पुन्हा हसणं.
त्यांचा इथला पहिलाच दिवस.
मी या गावात बरीच वर्षं राहतोय.
इतक्या लांबून मला कळत होतं
की लाल टी-शर्टवाल्याला घरी जायचंय,
आणि उंच पोराला त्याच्यावर रागवायचंय, पण जमत नाहीये.

मनकर्णा डोहाच्या काठाशी उकिडवी बसलेली.
तिचेही ओठ हलत होते.
माझ्याशी नाही. पोरांशी नाही.
वाचायला नको होतं, पण डोळ्यांना सवय.
औंदा लवकर जाऊ नको, म्हणत होती.
दोनदा म्हणाली.
तिसऱ्यांदा नुसतं, नको.

मी दुसरीकडं बघितलं.

नंतर तिनं माझा हात धरून ओल्या कातळावर टेकवला.
तळव्यात धडधड चढली, मनगटातून कोपरापर्यंत.
मी मोजायला लागलो, न ठरवता.
अकरा, बारा, तेरा,
मध्येच एक लांबला, पुढचे दोन एकमेकांवर चढले.
पुन्हा पहिल्यापासून.
पुन्हा हुकलं.
इथं फोरमन नाही, हे तळव्याला उशिरा कळलं.

परतीला यंत्र घातलं.
रातकिडे, तिचे बूट, पचक पचक.
धबधब्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.
गाडीला अवकाश होता, म्हणून तिच्या दारात टेकलो.
शंभराची नोट तिनं न बघता कनवटीला लावली,
बूट काढले,
आतला भिजलेला कापूस मुठीत घेतला
आणि वांग्याच्या रोपावर पिळला,
शेवटच्या थेंबापर्यंत.