मैल एकतीस

ताशी दहा मैल. त्याहून जास्त हा रूळ सोसत नाही.
ओरेस्ट म्हणतो, घाई असेल तर उतर,
चालत पुढे हो, आम्ही येतोच मागून.
मी उतरतोही, सांधा बदलायला,
तेव्हा डबे शेजारून सरकतात
बाळंतिणीसारखे, जपून.
चौदा डबे. पोटात मसूर.

मोठ्या कंपनीनं हा फाटा सोडला
तेव्हा रूळ भंगारात जायचे होते.
सदतीस घरांनी पैसे घातले.
पेत्रो हावरिलुकनं नव्या ट्रकची नोंदणी रद्द केली.
तो गेला. लवीनानं शेअरचा कागद
संत निकोलसच्या तसबिरीखाली लावलाय,
दोघांनी मिळून काय ते बघा म्हणते.
लाभांश एकदाच आला. अकरा डॉलर.

मंगळवारी, मैल एकतीसला,
नवव्या डब्यानं रूळ सोडला.
आवाज असा काही झाला नाही,
जेवताना कुणी खुर्ची मागे सारून उठावं
तेवढाच.
खालच्या स्लीपरचा भुगा झालेला,
चिमटीत घेतला तर तपकीर.
आणि तळाच्या झडपेतून मसूर,
बारीक धारेनं,
कुणी मापून देत असल्यासारखा.

लवीना पेत्रोच्या ट्रॅक्टरवरून आली.
जॅक, ओकच्या फळ्या, एक बादली.
आधी तिनं बादली धारेखाली ठेवली.
मग म्हणाली, हं, आता तुमचं चालू द्या.

चार तास.
सस्कॅचेवानचा वारा हातमोज्यात शिरत होता.
ओरेस्ट इंजिन बोटभर पुढे घ्यायचा, थांबायचा,
मी पाचर ठोकायचो, शिव्या द्यायचो,
मग पुन्हा बोटभर.
चाक चढलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

बादली शिगोशीग. मी उचलायला गेलो.
"ठेव ती," लवीना म्हणाली.
"कंपनीचा माल आहे, बाई."
"मग? लाभांश समज."

अंधारात निघालो.
ओरेस्टला कुणीतरी सांगितलंय,
दूर कुठेतरी, बोटीनं महिनाभर,
बायका मसूर ताटात पसरून
एकेक दाणा निवडतात.
तो बराच वेळ गप्प होता.
"आपल्याकडचा खडा निघत असेल ना रे त्यात?
काय म्हणत असतील?"

"खडा," मी म्हणालो.

पुढे फाटक नसलेला रस्ता.
दोन लांब, एक आखूड, एक लांब.
रस्त्यावर कुणी नव्हतं.
तरी त्यानं शेवटचा भोंगा
जरा जास्तच ओढला.