पाच ग्रॅमच्या खाली

शहापुरात आमचं कुंद्याचं दुकान. गल्ल्यावर मी.
रेणू लहान होती तेव्हा बाबा तिला काउंटरवर बसवायचे,
दोन बरण्यांच्या मधे.
गिऱ्हाईक तिचे गाल ओढायचं
आणि पावशेर न्यायला आलेलं अर्धा किलो घेऊन जायचं.
धारवाडकडच्या बायका म्हणायच्या, "गल्ल नोडू, गल्ल!"
कन्नडात गल्ल म्हणजे गाल, हे मला फार उशिरा कळलं.
मला वाटायचं, आमच्या पैशाच्या पेटीबद्दल बोलतायत.

तेच गाल सव्विसाव्या वर्षी
फोनवर तिनं दोन बोटांनी आत दाबून दाखवले.
"बग. असे पायजेत."
बंगळूरात दीड लाख सांगतात,
बेळगावात टिळकवाडीला डॉक्टर पट्टेद साठात करतात,
आणि पेज करून द्यायला तू हायसच की.
मी बरं म्हटलं. पेज मला येते.
पैसे तिचे, गाल तिचे.
ओढणाऱ्यांनी तरी कधी तिला विचारलं होतं?

डॉक्टरांनी जांभळ्या पेनानं दोन रेघा मारल्या.
आमच्याकडं रेघ म्हटली की कुणीतरी भाषणाला उभं राहतं.
ह्या रेघा संध्याकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं निघाल्या.
"एनू आगंगिल्ल्री," म्हणाले, मग माझ्यासाठी मराठीत,
"काय होत न्हाई हो. टाके तोंडाच्या आत."
पाऊण तासानं सिस्टरनं ट्रे दाखवला:
दोन गोळे, पिवळे, ओलसर,
ताकावर लोणी धरायला लागतं तसे.
एकेक साडेतीन ग्रॅम.
दुधाखव्याच्या घरात एवढी वर्षं, आणि साडेतीन.
आमचा काटा पाच ग्रॅमच्या खाली बोलतच नाही,
नुसती शून्यं दाखवतो.

पहिले चार दिवस उलटंच.
गाल इतके सुजले की ती परत काउंटरवरची झाली.
मिठाच्या गुळण्या, बर्फाची पिशवी, पेज.
पहाटे भट्टीवर बाबांचा उलथना फिरायला लागला की
वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटायचं
आणि टाके चुरचुरायचे.
बाबा काही बोलले नाहीत.
एकदा फक्त पातेल्याची खरवड वाटीत घालून
तिच्या उशाशी आणून ठेवली,
थोडं थांबले,
आणि वाटी उचलून घेऊन गेले.

खरा आकार तीन-चार महिन्यांनी येतो, डॉक्टर म्हणाले होते.
दिवाळीला ती आली.
दारात रिक्षा थांबली, तिनं वळून पैसे दिले,
आणि माझ्या हातातला दोरा पुड्यावरनं सुटला.

आई.
भिंतीवरच्या फोटोतली नाही, तिथं ती चांगली गुबगुबीत आहे.
शेवटच्या पाच महिन्यांतली,
गिळता येत नव्हतं आणि मी चमच्यानं पेज भरवायचे, तेव्हाची.
हाडाखाली तीच खोल सावली, तिथंच.
रेणूनं ती पाहिलीच नाही. तिची परीक्षा होती.
आईनंच बजावलं होतं, बोलवू नको तिला,
मला अशी बघायला नको पोरीनं.

"कशी दिसालोय मी?"
मान डावीकडं. मान उजवीकडं.
"छान," मी म्हटलं.
खोटं नव्हतं. आई शेवटीसुद्धा छान दिसायची,
दिवेलागणीला, एका बाजूनं.

बाबा हात पुसत बाहेर आले.
तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.
मग कुणालाच नाही असं विचारलं,
"पेज हाय काय गं घरात?"

"पेज कशाला?" रेणू हसली, "कुंदा द्या की!"
परातीतनं स्वतःच बचक मारली, गरम,
फुंकर घालायलाही थांबली नाही.
गिऱ्हाईक खोळंबलं होतं, काट्यावर पावशेर तसंच पडलं होतं.
मी बघत राहिले:
तिचा डावा गाल भरला,
घास खाली उतरेपर्यंत.